सर्वांत व्यस्त तास

संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी बाई म्हणाल्या, "म्हणजे क्ष बरोबर—" आणि त्यांचे तोंड उघडेच राहिले.

समीकरणात आ वासण्यासारखे काही नव्हते. इंटरनेट अडकले होते. सहा वेगवेगळ्या घरांत, सहा पडद्यांवर, सहा मुले आपल्या गणिताच्या बाईंच्या दाढा मोजत बसली होती. पावणेदोन मिनिटांनी चित्र हलले तेव्हा बाई पुढच्या उदाहरणावर पोचल्या होत्या आणि नेहमीचा प्रश्न विचारत होत्या, "आवाज येतोय का?"

हे रोजचेच झाले होते. शेवटी चाचणी परीक्षेत एका मुलीने उत्तराच्या जागी 'क्ष = आवाज येतोय का' असे स्वच्छ अक्षरात लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. तिच्या आईने त्या उत्तरपत्रिकेचा फोटो काढून बाईंना पाठवला. सोबत एकच ओळ होती: 'अजून महिनाभर बघतो.'

बाईंनी तो फोटो उघडा ठेवून फोन नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला. "अहो, मीही महिनाभर बघते. नाहीतर शिकवणी ताईकडे हलवते."

ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. ती रस्त्यापलीकडे, समोरच्याच इमारतीत राहत असे. तिथे तिचा नवराही राहत असे. बाईंच्या नवऱ्याच्या घशात घास अडकला तो ह्या साडूमुळे.

बाईंचा नवरा दूरसंचार नियामकाच्या कचेरीत दर व गुणवत्ता विभागात अधिकारी होता. लाइन किती वेळ बंद राहिली म्हणजे तिला 'बंद' म्हणावे, तक्रारीला उत्तर किती दिवसांत द्यावे, कंपनीने कशाचे किती आकारावे, हे सगळे नियम त्याच्या टेबलावर जन्माला येत. दोन ओळींच्या टिपणालाही तीन परिशिष्टे जोडण्याच्या सवयीमुळे कचेरीत त्यांना परिशिष्टराव म्हणत. एकदा आजारपणाच्या रजेच्या अर्जाला त्यांनी परिशिष्ट 'अ' जोडले होते आणि त्यात तापाचा आलेख होता. रजा मंजूर झाली, पण आलेखावर अक्षांची नावे नाहीत असा शेरा पडला. तो शेरा त्यांना तापापेक्षा जास्त लागला.

साडू मोबाइलची कव्हरे, चार्जर आणि काचा विकत असे. नियम ही गोष्ट काम न येणाऱ्यांनी शोधून काढली आहे असे त्याचे मत होते आणि ते तो गिऱ्हाइकांनाही ऐकवत असे. त्याच्या घरी इंटरनेट कधी अडकत नसे. त्यामागे त्याचे कर्तृत्व नव्हते. त्याच्या इमारतीत दोन कंपन्यांच्या तारा आल्या होत्या आणि परिशिष्टरावांच्या इमारतीत एकाच कंपनीची. दोन कंपन्या असल्या की दोघी पळतात आणि एकच असली की ती पाय पसरून बसते, ही गोष्ट परिशिष्टरावांनीच एका अहवालात अकरा पाने खर्चून जास्त सभ्य भाषेत मांडली होती. ती अकरा पाने साडूला वाचून दाखवण्याची संधी मात्र मिळाली नव्हती.

बातमी बहिणीबहिणींतून दुसऱ्याच दिवशी पलीकडे पोचली. परिशिष्टराव कचेरीतून परतताना साडू दुकानाच्या पायरीवरच उभा होता.

"काय साडूभाऊ! अख्ख्या देशाचं इंटरनेट तुम्ही सांभाळता, आणि मेव्हणीबाई आमच्याकडे येणार म्हणे शिकवायला? येऊ द्या की. खुर्ची देतो, पंखा देतो, पासवर्डसुद्धा देतो."

"अजून ठरलेलं नाही," परिशिष्टराव म्हणाले.

"नाही, सावकाश ठरवा. तुमच्याकडे ठरवायला वेळ लागतो, माहितीये."

त्या रात्रीच्या जेवणाआधी परिशिष्टरावांची योजना तयार झाली होती.

योजना वाईट नव्हती, हे आधीच नोंदवले पाहिजे. इमारतीत आठ घरे होती. आठही घरांनी त्या एकाच कंपनीकडून आठ किडमिडीत जोडण्या घेतल्या होत्या. त्याऐवजी सगळ्यांनी मिळून एक दणदणीत लाइन घ्यायची, ती जिन्यात आणायची आणि तिथून आठ घरांत वाटायची. खर्च कमी, वेग चौपट. कोणत्याही शहाण्या माणसाने हे आठ दारे ठोठावून अर्ध्या तासात पटवले असते. परिशिष्टरावांनी सल्लामसलत पत्रिका काढली.

पत्रिका बावीस पानांची होती. तीत एकतीस प्रश्न होते. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींनी ती मापे लिहायला वापरली आणि फक्त प्रश्न चौदाचे उत्तर दिले. प्रश्न असा होता: 'सामायिक पायाभूत सुविधेचे दरनिर्धारण (अ) सपाट असावे की (ब) वापराधारित? सकारण लिहा.' मावशींचे उत्तर होते: 'हो.' सर्वांत वर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांनी संपूर्ण पत्रिका लाल शाईने तपासून परत पाठवली. शंभरपैकी एकसष्ट. शेरा: 'विषयाची जाण बरी. पाल्हाळ टाळावा.'

"मावशी, प्रश्नात दोन पर्याय आहेत," परिशिष्टराव तळमजल्यावर जाऊन म्हणाले.

"मग दोन्हींना हो," मावशी तोंडातली टाचणी न काढता म्हणाल्या. "साहेब, तुम्ही इतक्या वेळा जिना उतरलात, तेवढ्यात दोन इमारतींना तारा लागल्या असत्या."

प्रतिसादांना एकवीस दिवस आणि प्रतिसादांवरच्या प्रतिसादांना सात दिवस असा क्रम होता. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून अठ्ठावीस घरे मोजली आणि नवऱ्याकडे नुसते पाहिले. दुसऱ्या दिवशी 'तातडीची बाब म्हणून' मुदत तीन दिवसांवर आली.

वायरवाला आला. कंपनीच्या तारा टाकायचे, जोडायचे आणि तुटल्या की शिव्या खायचे काम त्याच्याकडे होते. एका सकाळीत त्याने जिन्यात पेटी बसवली आणि आठ तारा आठ दारांतून आत सोडल्या. संध्याकाळी सहा वाजता बाई शिकवायला बसल्या, सात वाजता उठल्या आणि मधे एकदाही आवाज येतोय का हे विचारावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बाईंनी चहाबरोबर न मागता बिस्किटे दिली. परिशिष्टराव मुद्दाम साडूच्या दुकानासमोरून दोनदा गेले.

इथे थांबले असते तर ही गोष्ट झाली नसती. पण चांगले चाललेले काम तसेच चालू देणे हे त्यांच्या शिक्षणात बसत नव्हते. लाइन चांगली चालते हे दिसत होते, सिद्ध झाले नव्हते. गुणवत्तेच्या नियमावलीत, परिशिष्ट 'ग', कलम नऊमध्ये म्हटले होते की प्रत्येक पुरवठादाराने दररोज सर्वांत व्यस्त तासात लाइनची मोजणी करावी. मसुदा त्यांचाच होता. पाचपेक्षा जास्त घरांना जोडणी देणारा प्रत्येक जण पुरवठादार समजावा, ही व्याख्यादेखील त्यांचीच होती आणि ती पाचवर आणायला ते तीन बैठका भांडले होते. त्यांनी स्वतःच्या खर्चाने आठ राखाडी डब्या आणल्या. मोजणी सोपी असते: लाइन जेवढे देईल तेवढे सगळे ओढून पाहायचे, म्हणजे तिची ताकद कळते. डबी हवेशीर जागी असावी हाही नियम असल्याने ती प्रत्येक घरात रस्त्याकडच्या खिडकीच्या चौकटीवर बसली. दर पंधरवड्याला त्या मोजणीचा आलेख जिन्यात लागणार होता. अक्षांना नावे असणार होती.

पाचव्या दिवशी सहा वाजता बाई म्हणाल्या, "म्हणजे क्ष—" आणि या वेळी त्या 'बरोबर'पर्यंतही पोचल्या नाहीत.

लाइन पूर्वी लंगडत असे. आता ती सहा ते सात सरळ आडवी पडू लागली. वायरवाल्याने येऊन पेटी उघडली, बंद केली, कपाळ पुसले. "साहेब, बाहेरून लाइन एकदम ओके आहे. सहा वाजता आतूनच काहीतरी ओढतंय."

"काहीतरी नाही, कोणीतरी," परिशिष्टराव म्हणाले. "माणूस. वापरकर्ता. मर्यादित साधन आणि अमर्याद हाव."

"बघा बुवा," वायरवाला म्हणाला. "मला तर माणसाचं काम वाटत नाही."

त्याचे म्हणणे कोणी लिहून घेतले नाही.

हावेवरचे औषध पुस्तकात दिलेले असते: गर्दीच्या तासाला दर वाढवा, गर्दी पांगते. परिशिष्टरावांनी जिन्यात सूचना लावली की यापुढे सहा ते सात या तासाला दीडपट आकार पडेल. त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरून समुद्राच्या लाटांचा आवाज तुटत तुटत येऊ लागला. परिशिष्टराव वर गेले. मुख्याध्यापकांनी टॅबलेट टेबलावर उभा करून ठेवला होता आणि ते स्वतः त्याच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत होते.

"सर, तुम्ही या वेळी कधी इंटरनेट लावत नव्हता."

"तेव्हा ते दीडपट नव्हतं."

"म्हणजे?"

"ज्या अर्थी दीडपट आहे त्या अर्थी या तासाचं इंटरनेट चांगलं असणार. चाळीस वर्षं नोकरी केली आहे मी. स्वस्त तासात बसायला मी काही होतकरू विद्यार्थी नाही."

मावशींनी उलट बाजू धरली. धंद्याच्या माणसाला सूट हवी, कारण गिऱ्हाईक सहालाच येते आणि नव्या बाहीचा व्हिडिओ दाखवल्याशिवाय माप देत नाही. परिशिष्टरावांनी तळमजल्यासाठी सवलत काढली आणि तिचा भार वरच्या मजल्यांवर टाकला. वरच्या मजल्यांनी ताबडतोब आपले सगळे बघणे मावशींच्या दुकानात बसून सुरू केले. एका संध्याकाळी तिथे अकरा माणसे, अकरा अडकलेले पडदे आणि एकच अर्धवट शिवलेला झगा होता. मावशी टेप गळ्यात घालून दाराशी उभ्या होत्या. "साहेब, सूट मला दिलीत की या लोकांना?"

मग परिशिष्टरावांनी शेवटचे अस्त्र काढले. शिक्षण ही अत्यावश्यक सेवा असल्याने सहा ते सात या वेळेत ग्राहक क्रमांक एकला रस्ता आधी मोकळा मिळेल, अशी सूचना लागली. ग्राहकांचे क्रमांक त्यांनीच दिले होते. ग्राहक क्रमांक एक हे त्यांचे स्वतःचे घर होते.

जिन्यात सभा भरली. लोक पायऱ्यांवर बसले, मुख्याध्यापक कठड्याला टेकून उभे राहिले.

"तारेला सगळे सारखे, हे तुमच्याच पत्रिकेत पान सतरावर आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "तिथं मी बरोबरची खूण केली होती. ती मी परत घेतो."

"आपली बायको ती अत्यावश्यक," मावशी म्हणाल्या, "आणि आम्ही काय रिकाम्या वेळात बाह्या लावतो?"

सूचना काढावी लागली. ती लागू होती त्या एका दिवसातही लाइन सहा वाजता मेलीच होती, ही गोष्ट त्या गदारोळात कोणाच्या लक्षात आली नाही. एका व्यक्तीच्या आली. तिने घरात जाऊन वहीत काहीतरी लिहिले आणि महिना संपल्याचे कॅलेंडरवर पाहून पांढरा फळा भिंतीवरून उतरवला.

दुसऱ्या दिवसापासून रोज साडेपाचला बाई फळा काखेत धरून, खडूंऐवजी तीन रंगांची पेने मुठीत घेऊन रस्ता ओलांडू लागल्या. फळा चांगला चार फूट लांब होता. त्याला घेऊन गुपचूप जाणे शक्य नव्हते. रिक्षा थांबत. एकदा तर वाहतुकीच्या हवालदाराने हात दाखवून त्यांना रस्ता करून दिला. परिशिष्टराव पडद्याआडून पाहत आणि पलीकडे साडू पायरी उतरून फळ्याचे दुसरे टोक धरायला पुढे येई. तो फळा धरण्यासाठी उगाचच दोन्ही हात लावत असे.

"साडूभाऊ," तो एकदा रस्त्यापलीकडून ओरडला, "मुलं विचारत होती, बाईंचं तोंड आता हलतं कसं म्हणून!"

अशा अवस्थेत मंगळवारी सकाळी कचेरीत त्यांच्या टेबलावर तक्रार आली. एका ग्राहकाने अर्ज केला होता की अमुक इमारतीतला पुरवठादार दररोज सहा ते सात सेवा देत नाही, उलट दर वाढवतो. पुरवठादाराचे नाव वाचून परिशिष्टरावांनी चष्मा पुसला. नाव तेच राहिले. तक्रारदाराचे नाव बंद लखोट्यात होते. तक्रारदारावर दबाव येऊ नये म्हणून ते नाव सुनावणीच्या वेळीच उघडावे, असा नियम होता. हा नियम कोणी केला हे आता वाचकाला सांगण्याची गरज नाही.

मुख्याध्यापक? लाल शाई नव्हती. मावशी? मग अर्जात 'हो' एवढेच असते. हा अर्ज नमुन्यानुसार होता, मुद्दे ओळीने होते आणि शेवटी एक परिशिष्ट होते. परिशिष्ट! या इमारतीत एवढी अक्कल कोणाला आहे, या विचाराने त्यांना राग आला आणि थोडा आदरही वाटला.

ते मोठ्या साहेबांकडे गेले. "साहेब, हे प्रकरण माझ्यावरच आहे."

"मग तुम्हाला त्यातली माहिती जास्त असणार."

"पण हितसंबंधाचा प्रश्न येतो. मी बाजूला व्हायला हवं."

"त्याला अर्ज असतो ना? कोणाच्या टेबलावर येतो तो?"

"माझ्या."

"मग अर्ज करा, छाननी करा, फेटाळा आणि तयारीला लागा," मोठे साहेब सही करता करता म्हणाले. "माणसं कुठं आहेत आपल्याकडे?"

परिशिष्टरावांनी पुरवठादाराला कडक नोटीस काढली आणि नोंदणी टपालाने आपल्या घरी पाठवली. पोस्टमन आला तेव्हा ते कचेरीत होते. तो चिठ्ठी ठेवून गेला. त्यांनी अर्धा दिवस रजा टाकून पोस्टात रांग लावली. खिडकीतल्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिले, मग पावतीवरची सही पाहिली.

"पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही एकच दिसतेय."

"दोन्ही मीच आहे."

"मग हातोहात का नाही दिलीत?"

"तसं चालत नाही. पोच लागते."

कारकूनबाईंनी शिक्का मारला, पण पाकीट देताना मागच्या माणसाकडे पाहून मान हलवली.

नोटिशीला सात दिवसांत उत्तर द्यायचे होते. घरी बसून परिशिष्टरावांनी नम्रपणे पंधरा दिवसांची मुदतवाढ मागितली. कचेरीत बसून त्यांनी तो अर्ज दोनदा वाचला आणि 'सबळ कारण दिलेले नाही' असा शेरा मारून फेटाळला. तो निकाल घरी पोचला तेव्हा त्यांना खरोखर वाईट वाटले. या कचेरीत माणुसकी उरलेली नाही, असे त्या दिवशी ते बाईंना म्हणाले. बाई वही तपासत होत्या. "हो ना," त्या म्हणाल्या.

सुनावणी मुदत संपल्यानंतरच्या गुरुवारी अकरा वाजता होती. लांब टेबलाच्या डोक्याशी मोठे साहेब, उजवीकडे कचेरीची खुर्ची, डावीकडे प्रतिवादीची. वायरवाला साक्षीदार म्हणून कोपऱ्यात हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता.

परिशिष्टराव उजवीकडे उभे राहिले. "कचेरीचं म्हणणं असं की, प्रतिवादीने मुदतीत उत्तर दिलेलं नाही." मग टेबलाला वळसा घालून ते डावीकडे आले. "मुदतवाढ मागितली होती. संबंधित अधिकाऱ्याने ती अडेलतट्टूपणाने नाकारली." मग ते पुन्हा वळसा घालून उजवीकडे गेले. "अडेलतट्टू हा शब्द नोंदीतून काढून टाकावा."

"काढा," मोठे साहेब म्हणाले. "आणि तुम्ही बसा कुठंतरी एकदा. मला गरगरतंय. तक्रारदाराला बोलवा."

लखोटा फुटला. "ग्राहक क्रमांक एक," मोठ्या साहेबांनी वाचले.

"काहीतरी चूक आहे," परिशिष्टराव म्हणाले. "ग्राहक क्रमांक एक म्हणजे—"

दार उघडून बाई आत आल्या. काखेत फळा होता.

"अगं, तू?"

"तुम्हीच म्हणता ना, तोंडी तक्रारीला अर्थ नसतो," बाई म्हणाल्या आणि फळा भिंतीला टेकवून पेनाचे टोपण काढले. मोठ्या साहेबांनी नकळत पाठ सरळ केली. वायरवाल्याने हेल्मेट खाली ठेवले.

"तेवीस दिवसांच्या नोंदी माझ्याकडे आहेत. लाइन रोज सहा वाजता बंद पडते. सहा म्हणजे सहा. सहा वाजून एक मिनिट नाही. आणि सात वाजता सुरू होते, तेही ठोक्याला. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. दर दीडपट होता तेव्हा तसंच, सूट होती तेव्हा तसंच, मला पुढे काढलं त्या दिवशीही तसंच. आता मला सांगा, आमच्या इमारतीत घड्याळाला इतकं धरून वागणारी आठ घरं आहेत का?"

"मुख्याध्यापक—" परिशिष्टराव म्हणाले.

"ते सहा वाजता टॅबलेट शोधायला उठतात. मिळेपर्यंत सव्वासहा होतात. माणसं नाहीत ही. यंत्र आहे. पण कुठलं, ते मला घरात बसून कळेना. कळलं ताईकडे गेल्यावर." त्यांनी फळ्यावर आठ चौकोन काढले. "तिच्या खिडकीतून आपली अख्खी इमारत दिसते. बरोबर सहा वाजता आठ खिडक्यांत आठ लाल दिवे लागतात. सात वाजता विझतात."

त्यांनी प्रत्येक चौकोनात एक लाल ठिपका दिला.

"मोजणीच्या डब्या," परिशिष्टराव म्हणाले. त्यांचा आवाज प्रतिवादीचा होता, पण ते कचेरीच्या खुर्चीत बसले होते.

"आठ डब्या, एकदम, तासभर, जेवढं मिळेल तेवढं ओढणार," वायरवाला म्हणाला. "मी म्हणालो होतो साहेबांना. माणसाचं काम नाही म्हणून."

"म्हणजे," मोठे साहेब सावकाश म्हणाले, "लाइन चालते की नाही हे बघण्यासाठी लाइन बंद पाडली जाते. हा कुणाचा नियम?"

"परिशिष्ट ग, कलम नऊ," परिशिष्टराव म्हणाले. "माझा."

मोठ्या साहेबांनी हसू आवरण्यासाठी पाणी मागवले. मग ते म्हणाले, "बाई, डब्या काढून टाकायचा हुकूम मी देऊ शकत नाही. मोजणी सक्तीची आहे, आणि तीही सर्वांत व्यस्त तासातच. नियम बदलायचा तर सल्लामसलत पत्रिका काढावी लागेल."

"नको," बाई घाईघाईने म्हणाल्या. "नियम आहे तसाच राहू दे. व्यस्त तास म्हणजे ज्या तासाला लाइनवर सर्वांत जास्त ओढ असते तो, बरोबर?"

"बरोबर," उजवीकडून उत्तर आले.

"आणि डब्या ज्या तासाला लावाल त्या तासाला सर्वांत जास्त ओढ असणारच. दुपारी अडीचला लावल्या तर अडीच ते साडेतीन हा सर्वांत व्यस्त तास होईल. मग मोजणी सर्वांत व्यस्त तासातच झाली. सिद्ध करायचं होतं ते हे." त्यांनी पेनाचे टोपण लावले. "अडीचला सगळी इमारत झोपलेली असते."

मोठ्या साहेबांनी परिशिष्टरावांकडे पाहिले. परिशिष्टराव आपल्या कलमात हरकतीला जागा शोधत होते. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच ती सापडू नये अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी 'ग' वाचले, उपकलमे वाचली, तळटीप वाचली.

"कचेरीची हरकत नाही," ते म्हणाले. मग उठून, टेबलाला पूर्ण वळसा घालून, डावीकडे जाऊन उभे राहिले. "प्रतिवादीची चूक झाली. मान्य आहे."

"कुणाकडे बघून म्हणताय? मी इकडं आहे," मोठे साहेब म्हणाले.

"तक्रारदाराकडे," परिशिष्टराव म्हणाले.

फळा परत नेताना त्याचे दुसरे टोक त्यांनी धरले. तो चांगलाच जड होता. साडू दोन्ही हात उगाच लावत नव्हता, हे त्यांना तेव्हा कळले. पण ते त्यांनी कुठे नोंदवले नाही.

त्याच दिवशी त्यांनी आठ घरांत जाऊन आठ डब्यांची वेळ बदलली. मुख्याध्यापकांनी विचारले की अडीचला आता दीडपट पडेल का, कारण तसे असेल तर ते झोपेची वेळ बदलायला तयार होते. मावशींनी विचारले की आता सगळे ठीक होणार ना, आणि परिशिष्टराव सकारण न लिहिता म्हणाले, "हो."

सहाला पाच मिनिटे कमी असताना फोन वाजला.

"साडूभाऊ, मेव्हणीबाई आल्या नाहीत अजून? आमच्या हिनं चहा टाकलाय. मी खाली उभा आहे, फळा घ्यायला."

"आज ती इथंच शिकवतेय."

"इथं? तुमच्या लाइनवर? बरं. तरी मी सव्वासहापर्यंत थांबतो खाली. लागलंच तर."

परिशिष्टराव स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. दार अर्धे लोटलेले होते. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सहावर आला, सहाच्या पुढे गेला. त्यांनी श्वास धरून ठेवला होता. त्याचाही लाइनवर भार पडेल असे त्यांना वाटत असावे. बाहेर फळ्यावर पेन घासल्याचा आवाज येत होता.

"दोन्ही बाजूंना तीनने भागलं," बाई म्हणाल्या. "म्हणजे क्ष बरोबर—"

परिशिष्टरावांनी डोळे मिटले.

"—उणे सात." मग सवयीने: "आवाज येतोय का?"

"येतोय!" सहा घरांतून सहा आवाज आले. आणि स्वयंपाकघरातून, कोणी विचारलेले नसताना, सातवा.